मुंबई–दिल्ली उड्डाणासाठी विमानात किती इंधन भरायचे, हे कसे ठरवतात?

गोदातीर

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि बारावीच्या वर्गासाठी एक उदाहरण तयार करत आहे: एअरबस ए३२० निओ या विमानाला मुंबईहून दिल्लीला जाण्यासाठी किती इंधन भरावे लागेल? निर्मात्याच्या आकड्यांनुसार या विमानाची टाकी सुमारे २३,७०० लिटरची आणि पल्ला सुमारे ६,३०० किलोमीटरचा आहे. भागाकार केल्यास किलोमीटरला पावणेचार लिटर येतात. मुंबई–दिल्ली हे सरळ अंतर सुमारे १,१५० किलोमीटर धरले, तर ४,३०० लिटर, म्हणजे साधारण साडेतीन हजार किलो इंधन पुरायला हवे. त्यावर खबरदारी म्हणून दहा टक्के वाढवले, तरी चार हजारांच्या आतच राहतो.

विमान वाहतुकीत काम करणाऱ्या एका परिचितांनी मात्र सांगितले की, या मार्गावर साडेसहा हजार किलोच्या आसपास इंधन भरतात आणि जानेवारीच्या धुक्यात तो आकडा आठ हजारांच्याही वर जातो. एवढा फरक कशामुळे पडतो? सुरक्षिततेसाठी सरसकट दुप्पट भरण्याची पद्धत आहे, की त्यातल्या प्रत्येक किलोमागे काही नियम आहे? जास्तीचे इंधन सुरक्षित असेल, तर दर वेळी टाकी पूर्ण का भरत नाहीत? आणि हे सगळे लिटरऐवजी किलोत मोजण्याचे कारण काय? या क्षेत्रातल्या जाणकारांनी आकड्यांसह सांगितल्यास विद्यार्थ्यांना फार उपयोग होईल.

ढगांची_रांग

सर, मी एका विमान कंपनीच्या नियंत्रण कक्षात डिस्पॅचर आहे. उड्डाणाचा फ्लाइट प्लॅन आणि त्याचे इंधन ठरवणे हेच माझे रोजचे काम असल्याने जरा सविस्तर लिहितो. तुमचा आकडा हवेत प्रत्यक्ष जळणाऱ्या इंधनाच्या बराच जवळ जातो. त्याला आम्ही ट्रिप फ्युएल म्हणतो. टाकीत किती भरायचे, हा प्रश्न मात्र निराळा आहे. दिल्लीला पोहोचूनही तिथे उतरता आले नाही, तिथून दुसऱ्या विमानतळावर जावे लागले आणि तिथेही घिरट्या घालत थांबावे लागले, तर शेवटी चाके टेकताना टाकीत किती उरलेले असले पाहिजे, असे आम्ही आधी विचारतो. त्यामुळे आमचा हिशेब मुंबईपासून सुरू होत नाही. तो सर्वांत शेवटच्या शक्यतेपासून सुरू होतो आणि उलटा मुंबईकडे येतो.

पुढचे आकडे उदाहरणापुरते, गोळाबेरीज केलेले आहेत. प्रत्यक्षात ते त्या दिवशीचे वजन, वारा, तापमान आणि त्या विशिष्ट विमानाच्या इंजिनांची झीज यांनुसार बदलतात.

सर्वांत शेवटी असते फायनल रिझर्व्ह. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टानुसार जेट विमानासाठी ते ३० मिनिटांचे असते: विमानतळापासून १,५०० फूट उंचीवर, घिरट्या घालण्याच्या वेगाने अर्धा तास उडता येईल एवढे. ए३२० निओ अशा स्थितीत तासाला साधारण दोन टन इंधन घेते, म्हणून हा भाग १,००० किलोंचा. हे इंधन वापरण्याचे नियोजन करायचेच नसते, ते उतरल्यावर टाकीत शिल्लक दिसायला हवे.

त्याच्या मागे येते पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन. दिल्लीसाठी चांगल्या हवेच्या दिवशी जयपूर धरता येते. ते हवाई अंतराने जेमतेम २४० किलोमीटर आहे, पण त्यासाठी सुमारे १,३०० किलो लागतात, कारण दिल्लीला उतरण्याचा प्रयत्न सोडून द्यायचा, पूर्ण शक्तीने पुन्हा वर चढायचे, थोडे सरळ जायचे आणि लगेच खाली यायचे, असा तो महागडा प्रवास असतो.

मग ट्रिप फ्युएल. तुमच्या पद्धतीतली अडचण इथे दिसते. मुंबईहून चढाईला साधारण २० मिनिटे आणि १,४०० किलो लागतात. त्यात अंतर कापले जाते फक्त २०० किलोमीटर. म्हणजे प्रवासाच्या सहाव्या भागात एक तृतीयांशाहून जास्त इंधन संपते. नंतर ३५–३६ हजार फुटांवर ५५ मिनिटांचा सरळ प्रवास, तासाला २,१०० किलोच्या दराने, म्हणजे सुमारे १,९५०. उतरणीत इंजिने जवळजवळ रिकामी फिरतात, तरी दिल्लीच्या आसपास रांगेत वळसे घालावे लागतात हे धरून ५५० ठेवू. बेरीज ३,९००. लांब पल्ल्यावरून काढलेली सरासरी छोट्या पल्ल्याला लावली की आकडा नेहमी कमी येतो, कारण तिथे चढाईचा खर्च हजारो किलोमीटरवर पसरलेला असतो.

यानंतर कंटिन्जन्सी, म्हणजे अंदाज चुकण्याची तरतूद: ट्रिप फ्युएलच्या पाच टक्के किंवा दिल्लीवर १,५०० फुटांवर पाच मिनिटे घिरट्या घालण्याएवढे, यांपैकी जे जास्त असेल ते. इथे पाच टक्के १९५ किलो होतात आणि पाच मिनिटांचे १७० च्या आत, म्हणून २०० धरू. छोट्या उड्डाणांत पाच मिनिटांची अट वरचढ ठरते. मुंबई–पुणे एवढ्या अंतराचे पाच टक्के म्हणजे काहीच नव्हे. शेवटी टॅक्सी फ्युएल: मुंबईत इंजिन सुरू झाल्यापासून धावपट्टीवर नंबर लागेपर्यंत २० मिनिटे, मिनिटाला दहा किलो, म्हणजे २००. सगळे मिळून ६,६०० किलो. तुमच्या परिचितांचा आकडा हाच आहे.

आता जानेवारीची रात्र घ्या. उत्तर भारतातले धुके एका शहरापुरते नसते. दिल्ली धुक्यात असते तेव्हा जयपूर, लखनौ आणि अमृतसर यांचाही भरवसा नसतो, आणि जयपूरची हवा चांगली असली तरी तिथे विमाने उभी करायची जागा आमच्या आधी वळलेल्या विमानांनी भरून गेलेली असते. म्हणून पर्याय अहमदाबाद घ्यावा लागतो. ते दिल्लीपासून सुमारे ७७५ किलोमीटर आहे आणि तिथपर्यंत २,७०० किलो लागतात. बेरीज ८,००० होते, तीही दिल्लीवर एक मिनिटही न थांबता. अशा रात्री वैमानिक आणि आम्ही मिळून अर्ध्या तासाच्या घिरट्यांचे आणखी हजार किलो टाकतो. तेव्हा सरसकट दुप्पट भरण्याची पद्धत कुठेही नाही. प्रत्येक किलोला नाव असते, आणि ज्याला नाव देता येत नाही असा किलो वैमानिकाने मागितला, तर त्याला स्वतःच्या अधिकारातले जास्तीचे इंधन म्हणतात.

वाऱ्याबद्दलही लिहायला हवे. मुंबई–दिल्ली हा मार्ग बराचसा दक्षिणोत्तर असल्याने हिवाळ्यातले वरच्या थरातले पश्चिमी वारे तिथे आडवे येतात. मुंबई–कोलकाता घेतल्यास फरक ठळक दिसतो. अंतर सुमारे ८९० सागरी मैल, विमानाचा हवेतला वेग ४५० नॉट (तासाला सागरी मैल), वारा पश्चिमेकडून ६० नॉट. जाताना जमिनीवरचा वेग ५१० होतो आणि पावणेदोन तास लागतात. येताना तो ३९० होतो आणि सव्वादोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. नकाशावरचे अंतर तेच असताना इंधनात टनाहून अधिक फरक पडतो. म्हणून आम्ही हवेतले अंतर मोजतो, जमिनीवरचे नाही.

उचल_भागिले_ओढ

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. सरांचे विद्यार्थी बारावीचे आहेत, म्हणून त्यातला ‘तासाला २,१०० किलो’ हा आकडा कुठून येतो, हे सांगतो. मी विमान अभियांत्रिकीत नोकरी करून निवृत्त झालो आहे.

विमान एका उंचीवर, एका वेगाने सरळ जात असते तेव्हा उचल, म्हणजे पंखांमुळे वर मिळणारे बल, वजनाएवढी आणि इंजिनाचा रेटा ओढीएवढा, म्हणजे हवेच्या विरोधाएवढा असतो. आधुनिक प्रवासी विमानात उचल ही ओढीच्या साधारण १७ पट असते. म्हणजे ६४ टनांचे विमान हवेत पुढे नेत राहायला जेमतेम पावणेचार टनांचा रेटा पुरतो. इंजिन एक किलो रेट्यासाठी तासाला किती किलो इंधन घेते, हा दुसरा आकडा. नव्या इंजिनांत तो प्रवासाच्या उंचीवर ०.५५ च्या आसपास असतो. ०.५५ ला १७ ने भागले की ०.०३२ येते. याचा अर्थ असा की, विमान दर तासाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३.२ टक्के इंधन जाळते. ६४ टनांचे ३.२ टक्के म्हणजे २,०५० किलो. डिस्पॅचर महोदयांचा आकडा असाच कागदावर मिळतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, खर्चाचा दर वजनावर अवलंबून आहे आणि इंधन हाही वजनाचाच भाग आहे. म्हणून किती इंधन लागेल हे कळायला वजन हवे आणि वजन कळायला इंधन हवे, असा पेच पडतो. तो सुटतो तो उलट्या दिशेने गेल्यामुळे: प्रवासी, सामान आणि विमान यांचे इंधनाविना वजन पक्के माहीत असते, त्यात फायनल रिझर्व्ह आणि पर्यायी विमानतळाचे इंधन मिळवले की दिल्लीला पोहोचतानाचे वजन मिळते, आणि तिथून मागे मागे येत मुंबईचे वजन काढता येते. वजन घटण्याचा दर वजनाच्याच प्रमाणात असतो, हे समीकरण तुमच्या विद्यार्थ्यांनी किरणोत्सारी क्षयात पाहिलेले आहे. इथे स्थिरांक तासाला ०.०३ धरला, तर ‘अर्धायुष्य’ २३ तासांचे येते. विमानशास्त्रात हे सूत्र फ्रेंच विमान निर्माते लुई ब्रेगे यांच्या नावाने ओळखले जाते.

छोट्या उड्डाणात घातांकी हिशेब आणि साधा गुणाकार यांत फारसा फरक पडत नाही. १५ तासांच्या उड्डाणात मात्र पडतो. ०.०३ गुणिले १५ म्हणजे ०.४५, उड्डाणाचे वजन उतरतानाच्या वजनाच्या १.५७ पट येते, म्हणजे निघतानाच्या वजनापैकी सुमारे ३६ टक्के इंधनच असते. बोइंग ७७७-३०० ईआरचे निघतानाचे कमाल वजन ३५१ टन आहे. त्याचे ३६ टक्के म्हणजे १२७ टन, आणि त्या विमानाच्या टाक्या सुमारे १,८१,००० लिटरच्या, म्हणजे साधारण १४५ टनांच्या आहेत. मुंबई–न्यूयॉर्कसारख्या उड्डाणात राखीव इंधन धरले की विमान आपल्या मर्यादेला कसे टेकते, ते यावरून दिसेल. गडावर जाताना शिदोरी वाढवली की ती वाहून नेण्यासाठी आणखी शिदोरी लागते, तसा हा प्रकार आहे: १५ तासांच्या शेवटी एक टन जास्त हवे असेल, तर निघताना दीड टनाहून अधिक जास्त घ्यावे लागते.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांसाठी बंद झाली, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमाने व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथे इंधनासाठी थांबू लागली, ती याच गणितामुळे. वळशाने वाढलेल्या वेळेचे इंधन घेतले की वजनाची मर्यादा ओलांडली जाते. मग प्रवासी आणि माल उतरवायचा, नाही तर वाटेत थांबायचे.

टाकी पूर्ण का भरत नाहीत, याचेही उत्तर यातच आहे. मुंबई–दिल्लीसाठी ए३२० निओचे इंधनाविना वजन ६० टन धरा. टाकी पूर्ण भरली तर त्यात १९ टन येतात आणि विमान ७९ टनांवर, म्हणजे निघण्याच्या कमाल मर्यादेवर पोहोचते. वाटेत चार-सव्वाचार टन जळाले, तरी दिल्लीला वजन पावणेपंचाहत्तर टन. उतरण्याची मर्यादा मात्र ६७ टनांच्या थोडीच वर आहे. म्हणजे पूर्ण टाकीने निघालेले विमान वेळेवर दिल्लीला पोहोचूनही उतरू शकणार नाही. मर्यादा नसती तरी गरजेपेक्षा जास्तीचे बारा टन पावणेदोन तास वाहण्यात साडेसहाशे किलो इंधन वाया गेले असते.

गोदातीर

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. किरणोत्सारी क्षयाशी असलेले साम्य वर्गात नक्की वापरीन. लिटर आणि किलो यांचा प्रश्न अजून बाकी आहे. इंधन देणारी गाडी लिटरमध्ये मोजते आणि नियोजन किलोत होते, हे खरे असेल, तर प्रत्येक वेळी रूपांतर करावे लागत असणार. ते कोण करते, आणि त्यात चूक झाली तर?

विनिपेगकर

मी कॅनडात मॅनिटोबा प्रांतात राहतो. रूपांतराच्या चुकीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आमच्या घरापासून गाडीने तास-सव्वा तासाच्या अंतरावरचे आहे, म्हणून ते मी सांगतो.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे उड्डाण १४३, बोइंग ७६७, मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. कॅनडा तेव्हा पौंडांकडून किलोकडे वळत होता आणि हे नवे विमान कंपनीचे किलोत मोजणारे पहिले विमान होते. त्या दिवशी इंधनमापक यंत्रणा बंद होती, म्हणून टाकीतले इंधन मोजपट्टीने मोजले: ७,६८२ लिटर. प्रवासाला २२,३०० किलो हवे होते. लिटरचे किलो करताना ०.८०३ ने गुणायचे असते, पण कागदावर वापरला गेला १.७७ हा आकडा, जो लिटरचे पौंड करण्यासाठी आहे. त्यामुळे टाकीत १३,५९७ ‘किलो’ आहेत असे वाटले, आणि उरलेल्यासाठी अवघे ४,९०० च्या वर लिटर भरले गेले. खरे तर टाकीत ६,१६९ किलोच होते आणि वीस हजारांहून अधिक लिटर भरायला हवे होते. विमान निघाले तेव्हा त्यात लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन होते. सरांनी विद्यार्थ्यांना हेच चार आकडे देऊन चूक शोधायला सांगितले, तरी एक तास कारणी लागेल.

४१,००० फुटांवर एकामागून एक दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन हे ग्लायडरही चालवत असत. त्यांनी आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी विमान तरंगत गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. त्या धावपट्टीचा वापर तेव्हा मोटारशर्यतींसाठी होत होता आणि त्या दिवशी तिथे माणसे जमलेली होती. विमानातील ६९ जणांपैकी कोणालाही गंभीर इजा झाली नाही. दोघांच्या कौशल्याचे कौतुक व्हायलाच हवे, पण मला त्या घटनेत दुसरी गोष्ट जास्त लक्षात घेण्याजोगी वाटते: आकडेमोड एकाहून अधिक जणांनी तपासली होती आणि प्रत्येकाने तोच चुकीचा गुणक वापरला होता. तपासणाऱ्याने गुणकच न तपासता फक्त गुणाकार तपासला, तर दुसऱ्या तपासणीला काही अर्थ उरत नाही.

किलो का, याचे उत्तर घनतेत आहे. जेट ए-१ या इंधनाची घनता १५ अंश सेल्सिअसला लिटरमागे ०.७७५ ते ०.८४० किलो यांच्या दरम्यान असू शकते, आणि तापमान एक अंशाने वाढले की ती लिटरमागे सुमारे ०.७ ग्रॅमने घटते. तुमच्याकडे मे महिन्यात नागपूरला ४० अंशांचे इंधन दहा हजार लिटर भरले, तर ते १५ अंशांच्या तेवढ्याच लिटरपेक्षा पावणेदोनशे किलोंनी हलके असते. इंजिनाला ऊर्जा मिळते ती वस्तुमानातून, किलोमागे साधारण ४३ मेगाजूल. आणि विमानाला उचलावे लागते तेही वस्तुमानच. आकारमान फक्त टाकीत मावते की नाही, एवढ्यापुरते महत्त्वाचे.

शिकाऊ_१७२

मी महाराष्ट्रातल्या एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत शिकत आहे. आमचे विमान सेसना १७२ आहे, आणि हिशेब तसाच असला तरी तो सगळा हाताने करावा लागतो. वापरता येणारे इंधन सुमारे २०० लिटर आणि खर्च तासाला ३४ लिटरच्या आसपास. दीड तासाच्या सफरीसाठी ५१ लिटर, इंजिन सुरू करणे, टॅक्सी आणि चढाई यांचे सहा-सात लिटर. पिस्टन इंजिनाला ३० ऐवजी ४५ मिनिटांचे राखीव लागते, त्याचे २६ लिटर. म्हणजे किमान ८५ लिटरच्या आसपास, आणि आम्ही सहसा त्याहून बरेच जास्त ठेवतो.

इथेही टाकी भरणे आणि माणसे बसवणे यांचे भांडण आहेच. विमानाला चार खुर्च्या असल्या, तरी माणसे आणि इंधन मिळून सुमारे ४०० किलोच नेता येतात. पूर्ण टाकीतले पेट्रोल १४४ किलो असते. उरलेल्या २५६ किलोंत ऐंशी-ऐंशी किलोंची तीन माणसे बसतात, चौथे बसत नाही. शिवाय आमचे शिक्षक इंधनाच्या काट्यावर विश्वास ठेवू देत नाहीत: पंखावर चढून मोजपट्टी बुडवायची, लिटर वाचायचे, आणि मगच काटा काय म्हणतो ते पाहायचे.

गोदातीर

आणखी एक शंका विचारतो. इंधन वाहून नेण्यालाच खर्च येतो, तर कंपन्या कमीत कमी भरण्यासाठी वैमानिकांवर दबाव आणत नाहीत का? आणि राखीवाला हात घालण्याची वेळ खरेच आली तर काय करतात?

ढगांची_रांग

आधी पैशांचे सांगतो, कारण तिथे लोकांना वाटते त्याच्या उलटही घडते. भारतात विमान इंधन वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे आणि प्रत्येक राज्याचा मूल्यवर्धित कर वेगळा आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. अनेक राज्यांत तो एक ते पाच टक्क्यांच्या घरात आहे. त्यामुळे जिथे इंधन स्वस्त आहे तिथून परतीच्या प्रवासाचेही घेऊन यायचे, असा प्रकार चालतो. त्याला आम्ही टँकरिंग म्हणतो. त्याची कसोटी वर दिलेल्या सूत्रातूनच निघते: पावणेदोन तासांच्या उड्डाणात एक टन जास्त नेण्यात ५५ किलो जळतात, म्हणून पोहोचण्याच्या ठिकाणचा दर सहा टक्क्यांहून अधिक महाग असेल तरच तो व्यवहार परवडतो. उतरण्याच्या वजनाची मर्यादा आणि ओली धावपट्टी यांचा विचार त्यानंतर येतो. कंपनीच्या खात्याला हे फायद्याचे असले, तरी निव्वळ करातल्या फरकापायी आकाशात जादा इंधन जाळणे मला पटत नाही.

दबावाबद्दल: किमान आकडा नियमाने ठरलेला असतो आणि त्याच्या खाली कोणीच जाऊ शकत नाही. वाद होतो तो त्यावरच्या जास्तीच्या इंधनाबद्दल. अंतिम शब्द कॅप्टनचा असतो आणि तसाच असायला हवा. मात्र प्रत्येक उड्डाणाला सवयीने अर्धा टन वाढवणारा कॅप्टन आणि वादळाचा अंदाज वाचून दीड टन मागणारा कॅप्टन यांत फरक आहे. दुसऱ्याशी मी कधीही वाद घालत नाही.

राखीवाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जानेवारी १९९० मध्ये बोगोटाहून मेडेलिनमार्गे न्यूयॉर्कला आलेले आव्हियान्का कंपनीचे बोइंग ७०७ खराब हवेमुळे वाटेत एकूण सव्वा तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिले. वैमानिकांनी नियंत्रकांकडे प्राधान्य मागितले, पण ‘आणीबाणी’ हा शब्द वापरला नाही. इंधन संपून विमान कोसळले आणि ७३ जणांचा मृत्यू झाला. आता शब्द ठरवून दिलेले आहेत. यापुढे थोडाही उशीर झाला तर राखीवाला हात लागेल, अशी स्थिती आली की वैमानिक ‘मिनिमम फ्युएल’ कळवतो. ही आणीबाणी नसते, पण नियंत्रकाला परिस्थिती समजते. उतरताना ३० मिनिटांपेक्षा कमी इंधन उरणार, हे दिसले की ‘मेडे’ हा आणीबाणीचा शब्द तीनदा उच्चारून ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ असे जाहीर करावेच लागते, आणि मग इतर सगळ्यांना बाजूला करून त्या विमानाला वाट दिली जाते.

आपल्याकडचे उदाहरण ऑगस्ट २०१५ चे आहे. दोहाहून कोचीला आलेले एका भारतीय कंपनीचे बोइंग ७३७ कमी दृश्यतेमुळे तिथे तीनदा उतरू शकले नाही. ते तिरुवनंतपुरमला वळले, तिथेही अनेक प्रयत्न करावे लागले, आणि शेवटी उतरले तेव्हा टाकीत साडेतीनशे किलोच्या आसपास इंधन उरले होते, म्हणजे अर्ध्या तासाच्या राखीवापेक्षा कितीतरी कमी. नियोजनाचा कागद कितीही चोख असला, तरी पर्यायी विमानतळाचे इंधन पहिल्याच विमानतळावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यात खर्च केले, तर त्या कागदाला काही किंमत राहत नाही. दोन प्रयत्नांनंतर वळण्याचा निर्णय आधीच, शांत डोक्याने, जमिनीवर असताना घेऊन ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. १९८३ ची घटना इंधन भरताना घडली आणि ही ते वापरताना. प्रत्यक्षात दुसऱ्या प्रकारचा धोका आम्हाला जास्त वेळा दिसतो.

गोदातीर

सर्वांचे आभार. वर्गासाठी उदाहरण असे मांडतो आहे: इंधनाविना वजन ६० टन, दिल्लीवर अर्धा तास घिरट्या घालण्याचे राखीव, दिल्ली ते जयपूर १,३०० किलो, तासाला वजनाच्या ३.२ टक्के खर्च; चढाईसाठी वेगळे ८०० किलो जास्तीचे; पाच टक्के कंटिन्जन्सी; टॅक्सीचे २०० किलो. मुंबईत किती इंधन भरावे, ते उलट्या क्रमाने काढा. यात काही सुटले आहे का?

ढगांची_रांग

एकच दुरुस्ती सुचवतो. राखीवाचा अर्धा तास दिल्लीवर नव्हे, जयपूरवर मोजायचा असतो. पर्यायी विमानतळ निवडलेला असेल, तेव्हा फायनल रिझर्व्ह तिथल्या उंचीपासून १,५०० फुटांवर आणि तिथे पोहोचतानाच्या वजनासाठी काढतात. कंटिन्जन्सीतली पाच मिनिटे मात्र दिल्लीवरचीच. तेव्हा विद्यार्थ्यांची पहिली पायरी ६० टनांत राखीव मिळवून जयपूरला पोहोचतानाचे वजन काढण्याची असेल, दुसरी त्यात १,३०० किलो मिळवून दिल्लीचे, आणि ३.२ टक्क्यांचा नियम तिथून मागे लावायचा. घिरट्यांचा वेग आणि उंची वेगळी असल्याने राखीवासाठी तो नियम वापरू नये. तिथे तासाला दोन टन हा आकडा थेट द्यावा. उतरणीत इंजिने जवळजवळ रिकामी फिरतात, म्हणून तिथेही तो जरा जास्त आकडा देईल, पण बारावीच्या वर्गाला तेवढे चालून जावे.